हक्क घटनेत आहे, वकिलाची फी कोण देणार?

कॅनडात इंग्रजी आणि फ्रेंच या दोन राजभाषा आहेत. क्वेबेकमध्ये इंग्रजी बोलणारे अल्पसंख्य आहेत, तर इतर सर्व प्रांतांत आणि प्रदेशांत फ्रेंच बोलणारे. या अल्पसंख्यांचे शाळेचे, न्यायालयाचे आणि सरकारी सेवेचे हक्क घटनेने दिले आहेत. ते मिळवण्यासाठी न्यायालयात जावे लागले तर सरकारी निधीतून मदत मिळते. या मदतीबद्दल कॅनडातील वाचकांनी, आणि भारतात कायदा शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीनेही, प्रश्न पाठवले आहेत.

प्रश्न: सरकार स्वतःच्याच कायद्याविरुद्ध खटला लढवायला लोकांना पैसे देते, हे खरे आहे का? यामागचे कारण काय?

खरे आहे. या योजनेचे नाव कोर्ट चॅलेंजेस प्रोग्रॅम. ती १९७८ मध्ये सुरू झाली. आदल्या वर्षी क्वेबेकने फ्रेंच भाषेची सनद मंजूर करून विधिमंडळ आणि न्यायालयांतील इंग्रजीचे स्थान बरेच कमी केले होते. मॅनिटोबाने तर १८९० मध्येच कायदे फक्त इंग्रजीत करायला सुरुवात केली होती. प्रांताचा कायदा थेट नामंजूर करण्याचा जुना अधिकार केंद्र सरकारकडे होता, पण तो वापरला असता तर राजकीय आगडोंब उसळला असता. त्यापेक्षा नागरिकांनी न्यायालयात जावे, घटना काय म्हणते ते न्यायाधीशांनी सांगावे आणि खर्चाला केंद्राने हातभार लावावा, असा मार्ग निघाला.

मॅनिटोबाचा प्रश्न न्यायालयात पोचला तो एका पार्किंगच्या दंडामुळे. सेंट बोनिफेसचे जॉर्ज फॉरेस्ट यांना १९७६ मध्ये मिळालेली पावती फक्त इंग्रजीत होती आणि त्यांनी तिला आव्हान दिले. १३ डिसेंबर १९७९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि त्याच दिवशी क्वेबेकच्या ब्लेकी खटल्यात तिथल्या इंग्रजीच्या बाजूनेही. पुढे १९८५ मध्ये न्यायालयाने मॅनिटोबाचे केवळ इंग्रजीत केलेले सगळे कायदे अवैध ठरवले. प्रांतात अराजक माजू नये म्हणून भाषांतर पूर्ण होईपर्यंत त्यांना तात्पुरते जीवदान दिले. दंडाची रक्कम किरकोळ होती आणि प्रश्न नव्वद वर्षांच्या कायद्यांचा. एवढा मोठा खटला एकट्या माणसाने पदरमोड करून लढवावा, अशी अपेक्षा करणेच अन्यायाचे आहे, असे आम्हाला ठामपणे वाटते.

१९८२ मध्ये घटनेत हक्कांची सनद आली; पुढे ‘सनद’ म्हटले आहे ती हीच. १९८५ मध्ये समानतेचे कलम १५ लागू झाल्यावर योजनेत समानतेचे खटलेही आले. १९९२ मध्ये पंतप्रधान मलरोनी यांच्या सरकारने ती बंद केली, १९९४ मध्ये ती परत आली आणि २००६ मध्ये पंतप्रधान हार्पर यांच्या सरकारने ती पुन्हा बंद केली. फ्रेंच भाषक समुदायांचा महासंघ त्याविरुद्ध न्यायालयात गेला. २००८ मध्ये समझोता होऊन फक्त भाषिक हक्कांपुरती एक छोटी योजना निघाली. मूळ योजना नव्या रूपात आणण्याची घोषणा फेब्रुवारी २०१७ मध्ये झाली. तिला वर्षाला ५० लाख डॉलर मिळायचे होते आणि त्यातले किमान १५ लाख राजभाषा हक्कांसाठी राखलेले होते. जून २०२३ मध्ये राजभाषा कायद्यात मोठी सुधारणा झाली, तेव्हा या योजनेचा उल्लेख प्रथमच कायद्यात आला. मात्र दरवर्षी किती निधी द्यायचा हे कायद्यात बांधलेले नाही. म्हणून खटला लांबणार असेल तर सगळी मदार या एकाच झऱ्यावर ठेवू नका.

प्रश्न: आमचे पालक मंडळ अर्ज करण्याच्या विचारात आहे. अर्ज कुठे करायचा, कशासाठी पैसे मिळतात आणि अर्ज कशामुळे फेटाळले जातात?

निधी कॅनेडियन हेरिटेज या केंद्रीय खात्याचा आहे, पण कारभार ओटावा विद्यापीठाकडे आहे. पैसे कोणाला द्यायचे ते मंत्री ठरवत नाहीत. राजभाषा हक्कांसाठी एक आणि मानवी हक्कांसाठी एक, अशी स्वतंत्र तज्ज्ञांची दोन मंडळे ते ठरवतात. अर्जदार एक व्यक्ती असू शकते किंवा ना-नफा संस्था.

तुमचा विषय कोणत्या शाखेत बसतो, हे आधी तपासा. इथेच सर्वात जास्त गोंधळ होतो. राजभाषा शाखेत केंद्र, प्रांत किंवा प्रदेश यांपैकी कोणाच्याही कायद्याला वा निर्णयाला आव्हान देता येते. तिचा आधार म्हणजे १८६७ च्या घटना कायद्याची कलमे ९३ आणि १३३, मॅनिटोबा कायद्याचे कलम २३, सनदेची कलमे १६ ते २३ आणि राजभाषा कायद्यातील न्यायालयात दाद मागता येणारे भाग. मानवी हक्क शाखेत मात्र आव्हान केंद्राच्या कायद्याला, धोरणाला किंवा कृतीलाच द्यावे लागते. प्रांताच्या आरोग्य खात्याने भेदभाव केला अशी तक्रार या शाखेत पाठवली, तर ती कितीही खरी असली तरी दारातूनच परत येईल.

मदत टप्प्याटप्प्याने मिळते. पहिला टप्पा खटल्याच्या पूर्वतयारीचा. त्यात कायद्याचे संशोधन, पुराव्याची जुळवाजुळव आणि खटला टिकेल का याचे वकिली मत येते. दुसरा प्रत्यक्ष खटल्याचा आणि अपिलाचा. तिसरा प्रकार म्हणजे दुसऱ्याने लावलेल्या खटल्यात हस्तक्षेपकर्ता म्हणून बाजू मांडणे. प्रत्येकाची कमाल मर्यादा वेगळी आहे आणि पुढच्या टप्प्यासाठी नव्याने अर्ज करावा लागतो. पूर्वतयारीला पैसे मिळाले म्हणून खटल्यालाही मिळतीलच, असे गृहीत धरू नका. आमचा आग्रह असा, की जमेल तिथे पूर्वतयारीपासूनच सुरुवात करा. रक्कम लहान असते, पण खटला कच्चा असेल तर ते त्याच टप्प्यावर कळते.

तज्ज्ञांचे मंडळ प्रामुख्याने चार गोष्टी पाहते: प्रश्नाला राष्ट्रीय महत्त्व आहे का, त्यावर आधीच निकाल झालेला नाही ना, कायद्याच्या दृष्टीने बाजूत दम आहे का आणि अर्जदाराला पैशांची खरी गरज आहे का. अर्ज बहुधा पहिल्या दोन मुद्द्यांवर अडतात. लोक स्वतःवरचा अन्याय पानेच्या पाने लिहितात, पण निकाल लागल्यावर आणखी किती कुटुंबांना आणि कोणत्या प्रांतांत फरक पडेल, यावर एक ओळही नसते. दुसरीकडे, ज्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालय बोलून मोकळे झाले आहे, तोच नवा म्हणून मांडलेला असतो. त्यामुळे आधीचा निकाल कुठपर्यंत जातो आणि तुमचा प्रश्न त्याच्या पुढे कुठे सुरू होतो, हे अर्जाच्या पहिल्याच पानावर, वकिलाच्या मदतीने, दोन परिच्छेदांत लिहा.

अंदाजपत्रकात वकिलाचे तास, दर, तज्ज्ञ साक्षीदार, भाषांतर आणि प्रवास हे वेगवेगळे दाखवा. संस्थेच्या कार्यकारिणीचा ठराव, तारखेसह, जोडा. सर्वात महत्त्वाचे, खर्च करण्याआधी अर्ज करा. झालेला खर्च मागाहून भरून मिळेल या भरवशावर दावा दाखल करणे धोक्याचे आहे. दाव्याची मुदत संपत आली असेल तर अर्जात ती तारीख ठळकपणे लिहा.

प्रश्न: आम्ही एका छोट्या गावात राहतो. फ्रेंच शाळेची मागणी केली की शिक्षण खाते म्हणते, ‘मुले पुरेशी नाहीत.’ पुरेशी म्हणजे किती?

घटनेत आकडा नाही, आणि खात्यांचा आडोसा नेमका हाच असतो. सनदेच्या कलम २३ नुसार हा हक्क तीन प्रकारच्या कॅनेडियन नागरिकांना आहे. ज्यांची शिकलेली पहिली आणि अजून समजणारी भाषा प्रांतातील अल्पसंख्यांची आहे ते पहिले. दुसरे, ज्यांनी स्वतः कॅनडात त्या भाषेत प्राथमिक शिक्षण घेतले आहे. तिसरे, ज्यांचे एखादे मूल कॅनडात त्या भाषेत शिकले आहे किंवा शिकत आहे. पहिला प्रकार क्वेबेकमध्ये लागू नाही. हक्क मिळतो तो ‘संख्या पुरेशी असेल तिथे’.

संख्या कशी मोजायची हे एडमंटनच्या पालकांच्या माहे खटल्यात, १९९० मध्ये ठरले. आज नाव नोंदवलेली मुले एका टोकाला आणि पात्र असलेली सगळी मुले दुसऱ्या टोकाला. या दोन आकड्यांच्या मध्ये, सेवा सुरू झाली तर प्रत्यक्षात किती मुले येतील, याचा अंदाज बांधायचा. संख्येप्रमाणे हक्क चढत जातो. थोडी मुले असतील तर वर्ग, जास्त असतील तर शाळा, त्याहून जास्त असतील तर स्वतंत्र शाळामंडळ. म्हणजे ‘आज फक्त इतक्याच मुलांनी नाव दिले’ हे खात्याचे उत्तर कायद्याने अपुरे आहे. जी शाळाच नाही तिच्यात नाव घालायला कोण जाणार?

१२ जून २०२० रोजी ब्रिटिश कोलंबियाच्या फ्रेंच शाळामंडळाच्या खटल्यात आणखी एक उपयोगी कसोटी मिळाली. प्रांतात कुठेही बहुसंख्यांच्या भाषेची तेवढ्याच मुलांची शाळा चालू असेल, तर अल्पसंख्यांसाठीही तशी शाळा व्यवहार्य आहे असे धरायचे. तुलना शेजारच्या मोठ्या शाळेशीच केली पाहिजे असे नाही. तेव्हा प्रांताच्या शाळांची यादी काढा, तुमच्या अपेक्षित पटाएवढ्या इंग्रजी शाळा शोधा आणि त्यांची नावे, पट आणि इयत्ता एका तक्त्यात मांडा. हा तक्ता दहा पानी निवेदनापेक्षा जास्त काम करतो.

पुराव्यासाठी घरोघर फिरून यादी करा. त्यात पालक कलम २३ च्या कोणत्या प्रकारात बसतात, त्याचे कागद कोणते, मुलांची जन्मवर्षे कोणती आणि शाळेसाठी किती अंतरापर्यंत जायची तयारी आहे, हे सगळे यावे. अजून शाळेत न जाणारी मुलेही मोजा, कारण इमारत उभी राहील तेव्हा वर्गात तीच बसतील. जनगणनेचा आधार घ्यायचा तर २०२१ ची घ्या. पालक आणि मुले कोणत्या भाषेत शिकली हे प्रश्न तिच्यात प्रथमच आले. त्याआधीच्या जनगणनांवरून काढलेला आकडा मुख्यतः मातृभाषेवरचा असतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या प्रकारातले पालक त्यातून निसटतात. खाते जुना आकडा पुढे करत असेल तर हरकत इथेच घ्या.

शाळा आहे पण गैरसोयीची आहे, अशी तक्रार असेल तर व्हँकुव्हरच्या रोझ-दे-व्हाँ शाळेच्या पालकांचा २०१५ चा निकाल वाचून घ्या. गर्दी, लहान वर्ग, लांबचा बसप्रवास यांमुळे समंजस पालक मुलाला तिथे घालायला कचरतील का, ही त्यातली कसोटी आहे. दर्जा समान आहे का हे ठरवताना खर्चाची सबब पुढे करता येत नाही.

खात्याशी सगळा व्यवहार लेखी ठेवा. मागणीपत्र मंत्री आणि शाळामंडळ दोघांनाही पाठवा, उत्तरासाठी तारीख द्या आणि ती उलटली की स्मरणपत्र पाठवा. उत्तर न येणे हाही पुरावाच आहे. दिरंगाई हे या हक्काचे सर्वात मोठे दुखणे आहे. वर्षे जातात, मुले इंग्रजी शाळेत रुळतात, संख्या घटते आणि खाते तीच घटलेली संख्या पुढे करते. नोव्हा स्कोशियात हक्क मान्य होऊनही शाळा होईनात, तेव्हा न्यायाधीशांनी सरकारला प्रगतीचे अहवाल घेऊन न्यायालयात यायला लावले. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये, डुसे-बुद्रो खटल्यात, ५ विरुद्ध ४ मतांनी तो आदेश कायम ठेवला. दाव्यात अशा देखरेखीची मागणी पहिल्यापासूनच लिहा.

भरपाईही मागता येते. ब्रिटिश कोलंबियाच्या त्याच खटल्यात शाळेच्या वाहतुकीला अपुरा निधी दिल्याबद्दल ६० लाख डॉलर मंजूर झाले. पण तो दावा २०१० मध्ये दाखल झाला होता आणि निकाल २०२० मध्ये लागला. दहा वर्षांत पहिलीतले मूल शाळा संपवायच्या बेतात येते. म्हणून दावा चालू असतानाच तात्पुरत्या वर्गासाठी वाटाघाटी सुरू ठेवा. त्याने तुमची बाजू लंगडी पडत नाही.

प्रश्न: आम्ही घरी मराठी बोलतो, अजून नागरिक नाही. क्वेबेकबाहेर मुलीला फ्रेंच शाळेत घालता येईल का?

कलम २३ चा हक्क तुम्हाला आज नाही, कारण तो नागरिकांनाच आहे. पण बऱ्याच फ्रेंच शाळामंडळांत प्रवेश समित्या असतात आणि त्या हक्कधारक नसलेल्या पालकांचे अर्जही विचारात घेतात. ८ डिसेंबर २०२३ रोजी वायव्य प्रदेशांच्या (नॉर्थवेस्ट टेरिटरीज) खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की असा अर्ज फेटाळताना फ्रेंच समुदायाच्या टिकण्या-वाढण्याला काय लाभ होईल याचा खरा विचार मंत्र्यांनी केला पाहिजे, नुसता नियम दाखवून चालणार नाही. अर्जात मुलीला फ्रेंच किती येते, घरातून काय आधार मिळेल आणि शाळेच्या कार्यक्रमांत तुम्ही कसा भाग घ्याल, हे लिहा. इंग्रजी शाळेतला फ्रेंच इमर्शनचा वर्ग, म्हणजे इतर विषय फ्रेंचमधून शिकवणारा वर्ग, ही मात्र वेगळी गोष्ट आहे. त्याने कलम २३ खालचा हक्क तयार होत नाही.

प्रश्न: मग मराठीच्या शिक्षणासाठी या योजनेतून खटला लढता येईल का?

राजभाषा शाखेतून नाही. तिथे इंग्रजी आणि फ्रेंच यांचेच हक्क येतात. सनदेचे कलम २२ इतर भाषांना आधीपासून असलेले हक्क कायम ठेवते, पण नवे देत नाही. कलम २७ बहुसांस्कृतिक वारशाचे आहे. ते इतर कलमांचा अर्थ लावताना आधाराला घेता येते, केवळ त्याच्यावर दावा उभा राहत नाही. कलम १४ मात्र भक्कम आहे. न्यायालयाची भाषा समजत नसलेल्या पक्षकाराला किंवा साक्षीदाराला दुभाषा मिळालाच पाहिजे. १९९४ च्या ट्रॅन खटल्यानुसार त्याचे भाषांतर अखंड, अचूक, निःपक्ष आणि सक्षम असायला हवे आणि ते कामकाज चालू असतानाच मिळायला हवे. पोलिसांत किंवा न्यायालयात नात्यातल्या कोणाला तरी दुभाषा म्हणून उभे केले जात असेल, तर वकिलाला सांगून त्याच वेळी हरकत नोंदवा. नंतर ती सिद्ध करणे फार जड जाते.

शिकवणीसाठी खटल्यापेक्षा सोपी वाट आहे. ऑन्टारिओत २५ किंवा अधिक विद्यार्थ्यांच्या पालकांनी लेखी मागणी केली, तर शाळामंडळाने प्राथमिक इयत्तांसाठी त्या भाषेचा वर्ग चालवायचा असतो, आठवड्याला अडीच तासांपर्यंत. नावे एकाच शाळामंडळाच्या हद्दीतली हवीत. दोन शहरांतली नावे एकत्र करून दिलेली यादी इथेच अडकते. पंचवीसवर थांबू नका, थोडी जास्त नावे द्या, कारण वर्गाची वेळ जाहीर झाली की काही जण गळतातच.

प्रश्न: केंद्र सरकारच्या कार्यालयात फ्रेंचमध्ये सेवा मिळाली नाही. लगेच न्यायालयात जावे का?

आधी राजभाषा आयुक्तांकडे तक्रार करा. ती मोफत आहे आणि वकील लागत नाही. दिवस, वेळ, ठिकाण, कोणत्या भाषेत विचारले आणि काय उत्तर मिळाले, एवढे त्याच दिवशी लिहून ठेवा. चौकशीचा निष्कर्ष कळल्यापासून ६० दिवसांत, राजभाषा कायद्याच्या कलम ७७ खाली, फेडरल कोर्टात अर्ज करता येतो. तक्रार करून ६ महिने झाले आणि निष्कर्ष आलाच नाही, तरीही करता येतो. ते ६० दिवस भराभर जातात, म्हणून अहवाल हातात पडण्याआधीच वकील शोधून ठेवा.

एक तरतूद फार कमी लोकांना ठाऊक असते. प्रश्न नवा आणि तत्त्वाच्या दृष्टीने महत्त्वाचा असेल तर अर्जदार हरला तरी न्यायालयाने त्याला खर्च मिळवून द्यायचा असतो, असे कलम ८१ सांगते. आयुक्तांचे कार्यक्षेत्र केंद्रीय संस्थांपुरते आहे. प्रांताच्या रुग्णालयाची तक्रार तिथे चालणार नाही.

प्रश्न: क्वेबेकच्या धर्मनिरपेक्षता कायद्याविरुद्धच्या खटल्यात शाळेच्या भाषेचे कलम का आणले गेले? संबंध लक्षात येत नाही.

संबंध कलम ३३ मधून येतो. ते वापरून सरकार सनदेच्या कलम २ आणि ७ ते १५ ला बगल देऊन कायदा करू शकते. धर्मस्वातंत्र्य आणि समानता दोन्ही त्यात येतात. २०१९ च्या त्या कायद्याने शिक्षकांसह काही सरकारी पदांवर धार्मिक चिन्हे धारण करायला बंदी केली आणि कलम ३३ चा आधार घेतला. कलम २३ ला मात्र कलम ३३ हात लावू शकत नाही. म्हणून इंग्रजी शाळामंडळांनी असा मुद्दा मांडला, की शिक्षक कोण असावेत हे ठरवणे हा शाळा चालवण्याच्या आमच्या घटनात्मक हक्काचा भाग आहे. एप्रिल २०२१ मध्ये क्वेबेकच्या सुपीरियर कोर्टाने तो मान्य केला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. कलम २३ मधल्या ‘व्यवस्थापना’चा पसारा किती, हा त्यातला एक मुख्य प्रश्न.

प्रश्न: योजनेने नकार दिला किंवा मधेच पैसे संपले तर?

अल्बर्टातील जिल कारों यांच्या बाबतीत तेच घडले. २००३ मध्ये त्यांच्यावर वाहतुकीचा गुन्हा नोंदला गेला. कागद फ्रेंचमध्ये नाही म्हणून त्यांनी प्रांताच्या कायद्यांच्या वैधतेलाच आव्हान दिले. योजनेची मदत मिळाली होती, पण सरकारी पक्षाने इतिहासाचे तज्ज्ञ उभे केल्यावर सुनावणी लांबली आणि पैसे संपले. न्यायालयांनी उरलेला खर्च प्रांताला द्यायला लावला आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश योग्य ठरवला. मूळ मुद्द्यावर कारों २०१५ मध्ये हरले, पण तोवर पूर्ण पुराव्यासह त्यांची बाजू ऐकली गेली होती.

अशा आगाऊ खर्चाच्या आदेशासाठी तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: दुसरा कोणताही मार्ग उरला नाही इतकी पैशांची चणचण, सकृद्दर्शनी दम असलेली बाजू आणि अजून न सुटलेला सार्वजनिक महत्त्वाचा प्रश्न. ही कसोटी २००३ च्या ओकानागन खटल्यातली आहे आणि न्यायालये ती सैल हाताने लावत नाहीत. चणचण सिद्ध करताना योजनेकडे केलेला अर्ज, तिचा नकार, देणग्यांसाठी केलेले प्रयत्न आणि विनाशुल्क काम करतील अशा वकिलांना लिहिलेली पत्रे, सगळे प्रतिज्ञापत्राला जोडा. सरकारी पक्ष तज्ज्ञ आणेल हे धरूनच पहिल्या अंदाजपत्रकात तुमच्या तज्ज्ञांचा आणि वाढीव सुनावणीचा खर्च दाखवा. दावा हरल्यास विरुद्ध पक्षाचा खर्च कोण भरणार, हेही दाखल करण्यापूर्वी संस्था, अर्जदार पालक आणि वकील यांच्यात लेखी ठरवून घ्या. तो कागद नसला की निकालानंतर वसुली ज्याचे नाव दाव्यात आहे त्या कुटुंबाच्या दारात येते.